पांढरं पिवळं दिसू लागलं तेव्हा

भांडण सुरू झालं ते एका झब्ब्यावरून.

गोविंदराव टिपणिसांनी कपाटातून इस्त्रीचा झब्बा काढला, खिडकीशी नेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि तिथूनच आवाज दिला, "कांचन, हा झब्बा काय हळदीच्या पातेल्यात बुडवलास?"

कांचन स्वयंपाकघरात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. हात पुसत ती बाहेर आली. झब्बा होता तसाच होता, बगळ्याच्या पंखासारखा पांढरा.

"अहो, कुठे आहे हळद? मला तर डागसुद्धा दिसत नाही."

"मला रंगातलं शिकवू नकोस. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीय मी."

"आणि मी तेहतीस वर्षं तुमचे झब्बे धुतेय. पांढरं काय आणि पिवळं काय, मलाही कळतं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दिवाणखान्यातली ट्यूबलाइट बदलून घेतली, कारण तिचा उजेड त्यांना मळका वाटत होता. नव्या ट्यूबचाही वाटला. मग एका सकाळी दुधाचा पेला हातात धरून त्यांनी कांचनकडे असं पाहिलं, की तिनं आधीच सांगून टाकलं, "नाही, हळद घातलेली नाही."

कांचन अशा बोलण्यानं घायाळ होणाऱ्यातली नव्हती. तीस वर्षं तिनं पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं. रुसणारी, हट्ट करणारी, पेन्सिल चावणारी पोरं तिनं कोळून प्यायली होती. गोविंदरावही त्यातलेच एक, फक्त वयानं चौसष्ट वर्षांचे. शिवाय ते सध्या चिडचिडे का आहेत, हे तिला ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं तिला वाटत होतं.

अकरा वर्षांनी त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यांच्या शाळेतला एक जुना विद्यार्थी, समरजित, यानं बडोद्याच्या अलकापुरीत छोटीशी गॅलरी काढली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो सहज भेटायला म्हणून आला, वरच्या खोलीत गेला आणि तिथे सुकत ठेवलेलं एक चित्र पाहून दारातच थबकला. चित्र होतं मांडवीच्या बाजारातल्या संध्याकाळचं. दुकानांतल्या दिव्यांभोवती पिवळी वलयं, वलयांत विरघळलेली माणसं, आणि सगळ्यावर असा पिवळा, जणू सगळा बाजार मधात बुडालाय.

"सर, तुम्ही असं कधी रंगवलं नव्हतं," समरजित हळू आवाजात म्हणाला. "अशी दहाबारा द्या मला. वीस मार्चला आपण उघडू."

तेव्हापासून गोविंदराव वरच्या खोलीतून जेवायलाही खुशीनं उतरत नसत. उतरले तरी अर्धी पोळी खाऊन ताट सरकवत. मळमळतंय म्हणत. पाय सुजत. कांचनला वाटे, आनंदानंही माणसाची भूक जाते. दिवसभर उभं राहून रंगवायचं म्हटल्यावर पाय सुजणारच.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. लय सोडून धावायचे, मध्येच अडखळायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घोडा पुन्हा चालीवर आला. त्या दिवसापासून कांचननं घरात सगळं मोजायला सुरुवात केली. तेल चमच्यानं, मीठ चिमटीनं, गोळ्या वारांच्या डबीत. मार्चमधली तपासणी मात्र गोविंदरावांनी पुढे ढकलली होती. "प्रदर्शन होऊ दे, मग तुझ्या डॉक्टरीणबाईंना भेटू," असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

एक गोष्ट फक्त न मोजता चालली होती. उत्तरायणाला दिवसभर गच्चीत पतंग पाहत उभं राहून गोविंदरावांना खोकला लागला. काही केल्या जाईना. कांचन घडियाळी पोळातल्या गांध्याच्या, म्हणजे जडीबुटीवाल्याच्या, दुकानातून जेठीमधाच्या काड्या घेऊन आली. पुण्याकडे ज्येष्ठमध म्हणतात तोच, पण बडोद्यात राहून तिच्या जिभेवर जेठीमधच बसला होता. आलं, तुळस आणि मूठभर जेठीमध घालून ती काढा उकळायची. गोविंदरावांना तो इतका आवडला, की खोकला गेला तरी काढा राहिला. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. साखर कमी करायची म्हणून चहातही ती जेठीमधाची पूड घालू लागली. त्यांनी पेला रिकामा करून "वा!" म्हटलं, की तिला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे. मुळं-काड्यांनी कुणाचं काय वाईट होतंय?

मार्चच्या पहिल्या शनिवारी रसिका घरी आली. टिपणिसांची ही एकुलती एक मुलगी बावीस वर्षांची. वल्लभ विद्यानगरच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होती, विषय विषशास्त्र. हा विषय तिनं निवडला तेव्हा कांचनच्या बहिणीनं फोनवर विचारलं होतं, "अगं, पण हिला सून करून घेणार कोण?"

रसिका हुशार होती, पण चार माणसांसमोर उभी राहिली की तिचा आवाज घशातच अडकायचा. सोमवारी तिला पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर अर्धा तास बोलायचं होतं. म्हणून जेवणं झाल्यावर, गोविंदराव वर गेल्यावर, तिनं आईला खुर्चीत बसवलं.

"आई, तू फर्स्ट इयरची स्टुडंट. काहीच माहीत नाही तुला."

"ते सोपंय," म्हणत कांचननं मांडीवर तांदळाचं ताट घेतलं. "निवडता निवडता ऐकते. आणि अवघड शब्द आला की थांबवीन हं."

रसिकानं घसा खाकरला आणि सुरुवातीलाच दोन लांबलचक शब्द उच्चारले. कांचननं हात वर केला.

"बाई, कळलं नाही."

रसिका हसली आणि तिथेच मोकळी झाली.

"बरं. विष म्हणजे काय, सांग."

"जे खाल्लं की माणूस मरतो ते."

"मग मीठ विष आहे का?"

"काहीतरीच!"

"चिमूटभर खाल्लं तर चव. पण एखाद्या लहान बाळाच्या पोटात मूठभर गेलं तर जीव जाऊ शकतो. पाणीसुद्धा, एकदम फार प्यायलं तर रक्तातलं मीठ इतकं पातळ होतं, की मेंदूला सूज येते. म्हणजे विष हा वेगळा पदार्थ नसतो, आई. किती, कुठून, किती दिवस आणि कुणाच्या अंगात, यावर ठरतं ते."

"कुणाच्या म्हणजे?"

"मिरची घे. आपल्याला तोंड भाजल्यासारखं होतं. पोपट मजेत खातो, त्याला ती झोंबतच नाही. द्राक्षं आपण खातो, पण कुत्र्याची त्यानंच किडनी जाऊ शकते. शरीर बदललं की नियम बदलला."

कांचनचे हात तांदळात फिरत होते, पण लक्ष पोरीकडे होतं. हीच का ती, जी स्नेहसंमेलनात फुलपाखरू होऊन स्टेजवर रडली होती?

"आता विष करतं काय? प्रत्येकाची खोडी निराळी. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर नीट जळला नाही, की एक वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आपल्या रक्तात प्राणवायूनं बसायच्या खुर्च्या असतात, त्या हा अडवून बसतो. माणूस श्वास घेतोय, हवा आत जातेय, पण शरीर उपाशी. शेतात फवारायची काही औषधं नसांना थांबूच देत नाहीत, लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, सगळे नळ एकदम सुटतात. आणि शिसं गुपचूप हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं."

"हे छान सांगितलंस. खुर्च्यांचं तर मुलं विसरायची नाहीत."

"आता शेवटचं. काही औषधं आणि विष यांच्यामधली गल्ली फार अरुंद असते. आपल्या पोळांमधल्यासारखी, दोन माणसं समोरून आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं. एका फुलझाडापासून हृदयाचं औषध काढतात. नेमकं दिलं तर ठोके ताळ्यावर येतात. रक्तात जरा जास्त साठलं की भूक जाते, मळमळतं, नाडी मंदावते. आणि काही लोकांना गंमतच होते, सगळं पिवळं दिसायला लागतं. दिव्यांभोवती वलयं–"

ताटातला कांचनचा हात थांबला.

"काय दिसायला लागतं?"

"पिवळं. पांढरं पण पिवळं."

"औषधाचं नाव काय?"

"डिगॉक्सिन."

कांचन उठली. ताट जमिनीवर ठेवताना थोडे तांदूळ सांडले, तिकडे तिनं पाहिलंही नाही. वारांच्या डबीशेजारचा गोळ्यांचा खोका तिनं आणला, त्यातली एक पट्टी काढून चष्म्याशिवायच रसिकापुढे धरली. "हे वाच."

रसिकानं वाचलं. तिच्या चेहऱ्यावरचा फर्स्ट इयरचा वर्ग क्षणात रिकामा झाला.

"आई, बाबा कधी पिवळं दिसतंय असं म्हणाले?"

"म्हणाले?" कांचन जिन्याकडे वळली. "महिनाभर आम्ही त्याच्यावरूनच भांडतोय गं."

दोघी जिना चढून वर गेल्या. गोविंदराव खिडकीशी उभे राहून चित्रावर पिवळ्याचा आणखी एक हात चढवत होते. रसिकानं त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत राहिली. मिनिट संपलं तरी तिनं हात सोडला नाही, पुन्हा मोजलं.

"चव्वेचाळीस," ती आईला म्हणाली. "आणि मध्येच चुकतेय. बाबा, आपल्याला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"वीस तारखेनंतर."

"बाबा, गोळीचं विष झालंय तुमच्या अंगात."

"दोन वर्षं तीच गोळी घेतोय. तिला आजच कसं विष चढलं? तुझ्या पुस्तकातलं मला सांगू नकोस, रसिका. तीन चित्रं राहिलीत."

वाद घालून हा माणूस हलायचा नाही, हे कांचनला ठाऊक होतं. तिनं कोपऱ्यातलं न फोडलेलं कागदाचं पुडकं घेतलं, त्यांच्यासमोर फोडलं आणि वरचा कागद काढून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"हा कागद कोणत्या रंगाचा?"

"हस्तिदंती."

"हा तुमचा नेहमीचा पांढरा कागद आहे. मागच्या महिन्यात तुम्हीच आणलात. पुडक्यावर लिहिलंय, वाचा."

गोविंदरावांनी पुडकं वाचलं. कागदाकडे पाहिलं. मग आपल्याच चित्राकडे पाहिलं. हळूहळू ते स्टुलावर बसले. चौतीस वर्षं ज्यानं मुलांना रंग ओळखायला शिकवले, त्या माणसाच्या हातून कुणीतरी रंगांची पेटीच काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"मला कळत होतं गं," ते म्हणाले. "झब्बा पिवळा नव्हता, हे मलाही कळत होतं. दिव्यांना कडी दिसायची. पहिल्यांदा भ्यालो. मग म्हटलं, अकरा वर्षं हातातून काही नवं निघालं नाही. आता हे आलंय, कुठूनही आलेलं असू दे. डॉक्टरला सांगितलं असतं तर तिनं ते काढून घेतलं असतं."

कांचनला रागवायचं होतं. पण तिनं त्यांच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि रंगाचे डाग पडलेली त्यांची बोटं आपल्या पदरानं पुसली.

"चला," ती म्हणाली. आणि ते उठले.

हॉस्पिटलमध्ये सगळं भराभर झालं. छातीला तारा लावून आलेख काढला, रक्त घेतलं, आणि गोविंदरावांना पडद्यावर ठोके दिसणाऱ्या खोलीत झोपवलं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर चारुलता शाह रविवार असूनही सकाळी आल्या. पंचेचाळिशीच्या, बारीक अंगाच्या, गुजरातीत बोलता बोलता मराठी पेशंटसाठी मराठीत शिरणाऱ्या.

"काकी, दिकरीनं, तुमच्या मुलीनं, बरोबर ओळखलं," त्यांनी कांचनला सांगितलं. "औषधाचा असर फार झालाय. गोळी बंद केलीय. पण मला एक समजत नाही. डोस तोच, किडनी चांगली. मग असं का? रक्तात पोटॅशियम एकदम कमी, ब्लडप्रेशर वर, पायाला सूज. दुसरं काही घेतात? लघवीची गोळी, जुलाबाचं औषध?"

"काही नाही हो. घरचं साधं जेवण. तेलसुद्धा मी मोजून घालते."

एवढं बोलून कांचननं पहाटे घरी जाऊन भरून आणलेला थर्मास पिशवीतून काढला आणि पेल्यात काढा ओतू लागली. रात्रभर ते बिचारे कोरड्या घशानं पडले होते. डॉक्टरांची नजर पेल्यावर गेली.

"आमां शुं छे, काकी?"

"घशासाठी काढा आहे. आलं, तुळस, जेठीमध."

"जेठीमध किती?"

कांचननं मूठ करून दाखवली.

"केटला दिवसथी?"

"उत्तरायणापासून. दोन वेळा. आणि चहात पण..." कांचनचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या रसिकानं डोळे मिटून घेतले होते.

डॉ. चारुलतांनी खुर्ची ओढली आणि कांचनच्या समोर बसल्या. जेठीमध वाईट नाही, त्यांनी सांगितलं. थोडे दिवस, थोडासा, निरोगी माणसाला चालतो. पण रोज, इतका, महिनोन्‌महिने घेतला की तो किडनीला फसवतो. किडनी मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर ओतून देते. हृदयाच्या पेशीवर डिगॉक्सिन जिथे जाऊन बसतं, तिथे पोटॅशियम त्याला अडवत असतं. पोटॅशियमच निघून गेलं की औषधाला रान मोकळं. गोळी तेवढीच राहते, तिची ताकद वाढते.

"म्हणजे दोन्ही चांगल्या गोष्टी," कांचन पुटपुटली.

"हा. दोन्ही चांगल्या. पण एकमेकांना सांगून घरात आल्या नाहीत."

पेला तसाच ठेवून कांचन बाहेर गेली. व्हरांड्यातल्या बेसिनमध्ये तिनं थर्मास उपडा केला आणि नळ सोडून ठेवला. गोड वास जाईना. रसिका मागोमाग आली तेव्हा ती बाकावर बसली होती, मोकळा थर्मास मांडीत धरून.

"मी पाजलं गं. दोन महिने माझ्या हातानं. ते 'वा' म्हणायचे आणि मी खूश व्हायची."

"आई–"

"रोज सकाळी उठून ताजं करायची. शिळं नको म्हणून."

रसिका तिच्याशेजारी बसली. आईशी हे कसं बोलावं, ते पुस्तकात नव्हतं. मग ती म्हणाली, "मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा बाबांचे पाय सुजलेले मी बघितले. तू दिलेला काढा मी पण घेतला एक कप, वासावरून ओळखलं सुद्धा, जेठीमध म्हणून. त्यांना डिगॉक्सिन आहे हे मला माहीत असायला पाहिजे होतं. दोन वर्षांत मी एकदाही त्यांच्या गोळ्यांचा खोका उघडून पाहिला नाही. वर्गात तो प्रश्न आला असता तर दहापैकी दहा मिळाले असते मला. तू तर काही न शिकता ओळखलंस. तांदूळ सांडले तरी उठलीस."

कांचननं तिच्या केसांवरून हात फिरवला. दोघी मग उगाचच थोडं रडल्या आणि समोरून जाणाऱ्या नर्सनं पाहिलं तसं गप्प झाल्या.

आत गोविंदराव जागे होते. हाताला नळी होती, त्यातून पोटॅशियम थेंबाथेंबानं जात होतं.

"काढा कुठाय माझा?"

कांचननं सांगितलं. काही न लपवता, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं सोपं करून सगळं सांगितलं, आणि मान खाली घालून उभी राहिली.

गोविंदराव हसायला लागले. इतके, की पडद्यावरची रेघ नाचली आणि नर्स धावत आली.

"दोन वर्षं या बाईनं मला तेल चमच्यानं दिलं," ते नर्सला मराठीतच सांगू लागले. बिचारीला अर्धंच कळलं. "मीठ चिमटीनं. शंकरपाळे मोजून चार. एकच वस्तू हिनं मला न मोजता दिली, आणि तीच नेमकी निघाली ही!"

"हसताय काय?" कांचन रडत रडत ओरडली. "जीव गेला असता म्हणजे?"

"गेला नाही ना? मग बस इथे." त्यांनी नळी नसलेल्या हातानं तिला कॉटवर ओढलं. "तू दिलंस ते मी मागून मागून प्यालो. आणि डोळ्यांचं तुला सांगितलं नाही, ते मी लपवलं. वाटणी कर हवी तर. माझा वाटा मोठा निघेल."

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी अंगावरची चादर वर उचलून पाहिली आणि म्हणाले, "हॉस्पिटलवाल्यांनी चादर बदलली वाटतं." चादर कालचीच होती. कांचननं ती त्यांच्या अंगावरून काढून घेतली. खिडकीतून आलेल्या उन्हात ती चादर घडी घालत बसली, मोडून पुन्हा घालत बसली.

घरी आल्यावर गोविंदराव आधी वरच्या खोलीत गेले. डॉक्टरांनी जिना सावकाश चढायला सांगितला होता, म्हणून कांचन मागे होती. नऊ चित्रं भिंतीला टेकून उभी होती. ते बराच वेळ पाहत राहिले.

"केवढा ओरडतोय हा पिवळा!" शेवटी ते म्हणाले. "मला कागदच पिवळा दिसायचा ना, त्यामुळे वर लावलेला पिवळा दिसेचना. म्हणून चढवत गेलो. कांचन, तू रोज हे बघत होतीस, बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, कला आहे."

त्यावर दोघंही खो खो हसले.

समरजित संध्याकाळी मोसंबी घेऊन आला. हकिगत ऐकून त्याचे डोळे चमकले. "सर, हे तर जबरदस्त आहे! विषातून आलेली चित्रं. आपण बाहेर बोर्डवरच लिहू. पेपरवाले धावत येतील."

"समरजित," कांचननं आवाज चढवला नाही, पण तिच्या वर्गातली चाळीस मुलं ज्या सुरानं गप्प व्हायची तो सूर लावला. "त्या विषापायी मी दवाखान्यात यांचे ठोके मोजत बसले होते. ते बोर्डावर लिहायचं नाही."

"सॉरी, काकू."

"चित्र म्हणून बरी असतील ती टांग," गोविंदराव म्हणाले. "बाकीची मी परत रंगवीन. आणि पुढची कशी येतील ते मला माहीत नाही. पिवळी येणार नाहीत, एवढं नक्की. चालेल?"

समरजितनं चित्रांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यानं चार बाजूला काढली, मांडवीचा बाजार त्यात होता. प्रदर्शन एप्रिलच्या शेवटावर गेलं. तोवर गोविंदरावांनी आणखी सहा चित्रं काढली, रोज दुपारी दोन तास, मध्ये सक्तीची विश्रांती घेऊन. राखाडी, पांढरी, थोडी निळी. हॉस्पिटलच्या खिडकीतून दिसणाऱ्या गच्च्या आणि वाळत घातलेले कपडे. लोकांनी पिवळी चित्रं पाहून "आहा" म्हटलं आणि राखाडी चित्रांपुढे जास्त वेळ उभे राहिले. गोविंदरावांना हे दुसरं अधिक आवडलं, पण त्यांनी ते फक्त कांचनला सांगितलं.

कांचन मात्र एवढ्यावर थांबली नाही. महाराष्ट्र मंडळाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत तिनं उभं राहून झालेली सगळी गोष्ट सांगितली, आपला वाटा न गाळता. मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन या. डॉक्टरांची, वैद्याची, शेजारणीनं दिलेली, सगळी. माझी मुलगी नावं लिहून देईल. तो कागद आपापल्या डॉक्टरांना दाखवायचा. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, आणि काही लपवायचंही नाही."

पाचसहा जण येतील असं तिला वाटलं होतं. शनिवारी बेचाळीस जण आले. टेबलावर पिशव्यांचा ढीग झाला. चूर्णं, गुट्या, आसवं, पट्ट्या, निम्म्या बाटल्यांची लेबलं उडालेली. एका बाईंनी भावनगरच्या नणंदेनं दिलेलं तेल आणलं होतं, ते लावायचं की प्यायचं हे त्यांना आठवत नव्हतं. रसिका टेबलामागे बसून लिहीत होती. विद्यानगरच्या वर्गात ती कशीबशी बोलली होती, पाय थरथरत. इथे तिला थरथरायला सवडच नव्हती.

हरणीहून आलेले फत्तेसिंहराव, ऐंशीचे, ताठ कण्याचे, खिशातून एक डबी काढून तिच्यापुढे ठेवते झाले. आत बारीक काळ्या गोळ्या.

"काका, या कशासाठी घेता?"

"ते विचारायचं राहिलं."

"कुणी दिल्या?"

"द्वारकेला एक गृहस्थ भेटले होते. फार सज्जन."

"किती दिवस घेताय?"

"सहा वर्षं. रोज एक. बरं वाटतं."

रसिकानं आईकडे पाहिलं. कांचननं हसू ओठांत दाबलं, शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बसा फत्तेसिंहराव. तुम्हाला वेळ लागणार आहे. याचे दोन दाणे कागदात बांधून डॉ. चारुलताबहेनना दाखवू आपण."

सभागृहाची वेळ संपली तरी नऊ जणांची रांग उरली. त्यांना पुढच्या शनिवारचा वायदा दिला, तेव्हा रखवालदारानं दिवे मालवले. बाहेर आल्यावर गोविंदराव, जे दिवसभर खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या कामाला होते, म्हणाले की त्यांना भूक लागलीय. खरीखुरी, कडकडून.

"मग सेवउसळ?" रसिकानं विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कांचननं मनातल्या मनात तेल, मीठ, तिखट यांचा विचार केला.

"एक प्लेट तिघांत," ती म्हणाली. "आणि तर्री ओछी, अगदी कमी."

गोविंदरावांनी ते तक्रार न करता मान्य केलं आणि रिक्षाला हात केला.